पाठातली तिसरी पोरगी

अमरावतीच्या त्या नॉर्मल स्कूलमधल्या, म्हणजे मास्तरणींच्या ट्रेनिंग शाळेतल्या, बायांची एक ठाम समजूत होती, की परीक्षेच्या पाठाची चिठ्ठी डाव्या हातानं उचलली तर सोपा विषय निघतो. भागीरथेचा डावा हात मनगटात वाकडा होता. कोणी विचारलं तर ती "पडली होती" म्हणायची. खरं म्हणजे तिच्या नवऱ्यानं, चंद्रभाननं, तो उंबरठ्यावर ठेवून पायानं मोडला होता. तिनं चिठ्ठी उजव्या हातानंच उचलली आणि उघडली. इंग्रजी, वर्ग सहावा, विशेषणाच्या तीन पायऱ्या. टॉल, टॉलर, टॉलेस्ट.

"बाप्पा, तुले तर लयच सोपा निघाला!" तिच्या खोलीतली शालू म्हणाली. "तीन पोरी उभ्या कर, बोटानं दाखव, झाला पाठ. मले पाह्य, पोस्टमन निघाला. आता मी पोस्टमन कुठून आनू?"

चिठ्ठीची घडी करून भागीरथेनं ती पदराच्या गाठीत बांधली. सोपं आणि अवघड हे ज्याच्या त्याच्या पाठीमागे कोण उभं आहे त्यावर असतं, आणि शालूच्या पाठीमागे तिचा वकिलाकडे कारकून असलेला बाप उभा होता.

भागीरथेच्या पाठीमागे तिच्या गावातल्या, हिवरखेडच्या वस्तीची बैठक होती. मागच्या वर्षी ती ह्याच परीक्षेच्या पाठात नापास झाली होती. बाकीचे सगळे पेपर पास, फक्त पाठ गेला. तीन झाडांची सुंदर चित्रं रंगवून नेली होती तिनं, पण पोरी तोंड उघडेनात आणि परीक्षकांनी शेरा मारला, 'पाठात जीव नाही.' त्या एका शेऱ्यानं तिचं सगळं वर्ष पाण्यात गेलं. गावात बातमी पोचायला आणि चंद्रभाननं अकोल्याहून निरोप धाडायला एकच गाठ पडली. अकोल्याच्या कापसाच्या जीनमध्ये सरकी उपसणाऱ्या ह्या गड्यानं भागीरथेला हाकलून दुसरी आणली होती. ती दुसरी दोन लेकरं मागे ठेवून गेली देवाघरी, आणि आता चुलीपुढे बसायला कोणीतरी पाहिजे म्हणून ह्याला पहिली आठवली.

बैठक बसली. किसनराव म्हणून वस्तीतले जाणते होते, त्यांनी निकाल दिला. भागीरथेला आणखी एक संधी. पास झाली तर जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करावी, तिची ती मोकळी. नापास झाली तर निमूट चंद्रभानच्या घरी जावं. भाऊ श्रावण मान खाली घालून "हो" म्हणाला. तो तरी काय करणार? रोजमजुरीवर त्याचीच चार तोंडं जगत होती. धर्म बदलून सात वर्षं होत आली होती, देव्हाऱ्यातले देव नदीत सोडून झाले होते, पण नवऱ्यानं टाकलेल्या बाईकडे बघायची नजर काही कोणी नदीत सोडली नव्हती.

तेव्हा टॉल, टॉलर, टॉलेस्ट. भागीरथा हौदावर लुगडं आपटताना तेच, जेवणाच्या रांगेत तेच. आखूड शब्दाला मागून शेपूट लावायचं, लांबलचक शब्दाच्या पुढे मोर आणि मोस्ट बसवायचं, आणि गुड, बॅडसारख्या उनाड शब्दांना कसलाच कायदा नाही, ते मुकाट्यानं पाठ करायचे. भर वर्गात तोंडून 'मोर टॉलर' निघून जाईल ह्या धास्तीनं ती रात्री उठून पुन्हा घोकायची. व्याकरण तिला येत होतं. पण येणं वेगळं आणि परीक्षक मागच्या खुर्चीवर बसलेला असताना येणं वेगळं.

आता ह्या परीक्षेतली आतली गोष्ट सांगायला हवी. पाठ द्यायचा तो शेजारच्या सराव-शाळेतल्या मुलींना. पाठाच्या आदल्या दिवशी वर्गाची ओळख करून घ्यायला जायची मुभा होती. पाठ मात्र शिकवायचा नाही, तो पढवलेला निघाला तर सरळ नापास, असा लेखी नियम होता. आणि अलिखित नियम असा, की प्रत्येक बाईनं मधल्या सुट्टीत वर्गाला चिंचेखाली न्यायचं आणि अख्खा पाठ घोटून घ्यायचा. नापास व्हायची भीती सगळ्यांनाच, म्हणून चुगली कोणीच करायचं नाही. त्या सहावीच्या पोरींनी इतक्या बायांचे इतके पाठ पाहिले होते, की त्या परीक्षकांपेक्षा पक्क्या झाल्या होत्या. उत्तर येत असेल तर उजवा हात वर, येत नसेल तर डावा, बाईनं विचारायचं उजव्यांनाच, म्हणजे परीक्षकाला सगळा वर्ग हुशार दिसतो, ही युक्ती त्याच नव्या बाईला शिकवायच्या. वर मोबदल्यात ओटीभर बोरं घ्यायच्या.

भागीरथाही बोरं घेऊन गेली. पोरींनी बोरं वाटून घेतली आणि बिया थुंकत पाठ समजावून सांगायला सुरुवात केली.

"बाई, ह्या पाठात कुमुद टॉलेस्ट राह्यते," एक जण म्हणाली. "मधात कोनीबी चालते. अन् शेवटी पंचफुला. थे शॉर्टेस्ट हाये."

सगळ्या हसल्या. कुमुद डॉक्टरांची मुलगी, उंच आणि गोरी, ती ऐटीत उभी राहिली. पंचफुला जागची हलली नाही. बारा वर्षांची होती, दिसायला आठाची. झंपर कोपरांवर ठिगळ लावलेलं, केसांना तेल नाही. फ्रेजरपुऱ्याच्या वस्तीतून चालत येणारी पोर. ह्या शाळेत तिला नावानं फार कमी जणी हाक मारत. नळावर पाणी प्यायला गेली तरी "ए शॉर्टेस्ट, सरक" असंच ऐकू यायचं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरी पांगल्या. पंचफुला मागे राहिली. तिनं आपल्या वाट्याची बोरं खाल्ली नव्हती, ती मुठीतच होती.

"बाई, तुमी आपल्यातल्या हाये न?" तिनं विचारलं.

"हो. हिवरखेडची हाओ मी."

"मंग मले उद्या उभं नोका करू." तिनं बोरं पुढे केली. "हे घ्या तुमचे बोरं. साऱ्या बाया मलेच उभं करतात. शॉर्ट असलं तरी मी, थिन असलं तरी मी, डर्टी असलं तरी मीच. मी आंघोळ करून येतो, तरी."

गावच्या शाळेत भागीरथा स्वतः दाराबाहेर पोत्यावर बसून शिकली होती. कोणाचा गुणाकार चुकला की मास्तर वर्गाला सांगायचे, "त्या भाईरच्या पोरीले विचारा, तिलेबी येते," आणि आतली पोरं लाजेनं मरायची. लाज त्यांना उत्तराची नव्हती, तिची होती. तिनं खाली बसून पंचफुलाचे दोन्ही हात धरले.

"नाही करत उभं. बाबासाहेबाची आन घेतो."

पोरीनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ती आन कोणी सहजासहजी घेत नाही हे बारा वर्षांच्या पोरीलाही कळत होतं. मग तिनं एक बोर तोंडात टाकलं आणि पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथा वर्गात शिरली तेव्हा खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटकाबाहेर निंबाखाली श्रावण उकिडवा बसला होता आणि त्याच्या शेजारी चंद्रभान विडी ओढत होता. बडनेऱ्याच्या गाडीसाठी टांगा आधीच ठरवून आणलेला. घोड्याच्या तोंडाला चंदीची थैली बांधली होती. इतका भरवसा होता चंद्रभानला तिच्या नापास होण्याचा, की त्यानं तिच्यासाठी टांग्यात जागाही धरून ठेवली होती.

परीक्षक अकोल्याहून आले होते. उत्तमराव त्यांचं नाव. माणूस वाईट नव्हता हो, उलट हसतमुख. सकाळपासून तीन पाठ ऐकून मात्र त्यांच्या डोळ्यांवर झापड आली होती. शेजारच्या खुर्चीवर सराव-शाळेच्या मुख्याध्यापिका माणिकबाई बसल्या होत्या, हातात पंखा घेऊन.

भागीरथेनं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, तीन काड्या तासून आणल्या होत्या. एक लांब, एक त्याहून लांब, एक सगळ्यांत लांब. लाँग, लाँगर, लाँगेस्ट. तिनं त्या उंच धरल्या, पोरींनी एका सुरात म्हटलं, हात वर झाले, उजवे आणि डावे. फळ्यावर तिचं अक्षर चांगलं पडत होतं. पण काड्या त्या काड्याच. दुसरं उदाहरणही काड्यांचं, तिसरंही काड्यांचं. मागून उत्तमरावांची मोठी जांभई ऐकू आली.

"बाई," ते म्हणाले, "सरपणच दाखवणार का? जिवंत उदाहरण घ्या. पाठात जीव पाहिजे थोडा."

तोच शब्द. जीव. मागच्या वर्षीचा शेरा भागीरथेच्या कानात वाजायला लागला, आणि खिडकीतून टांगेवाला थैली सोडताना दिसला.

तिनं कुमुदला उभं केलं. मग दुसऱ्या रांगेतल्या दोघींना. त्या दोघी नेमक्या सारख्या उंचीच्या निघाल्या. एक टाचा उचलायला लागली, दुसरी तिला ढकलायला लागली. "मी उंच", "नाही, मी उंच", वर्गात खसखस पिकली. भागीरथेनं एकीला बसवून तिसरी बोलावली, ती लाजून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. माणिकबाईंचा पंखा थांबला. उत्तमरावांनी घड्याळ काढून पाहिलं आणि टाक उचलला.

"बाई, पंचफुलाले घ्या न!" मागून एक पोरगी ओरडली. "तिच्याबिगर जमतच नाही!"

पंचफुला टाटपट्टीच्या कडेला बसली होती. आज तिनं केसांना तेल लावलं होतं. ती भागीरथेकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत भीती अजिबात नव्हती, उलट भरवसा होता. आन घेतलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

बाहेर चंद्रभान उठून उभा राहिला, विडी टाकून त्यानं धोतर झटकलं. टाक कागदावर टेकला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. पण अडलेला माणूस नेहमी वरच्याचेच पाय धरतो असं नाही, कधी कधी खालच्याच्या मानेवर पाय देऊन वर येतो. भागीरथेनं तोंड उघडलं आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"पंचफुला, कम हिअर."

पोरगी क्षणभर उठलीच नाही. मग उठली. कुठं उभं राहायचं ते तिला सांगावं लागलं नाही. ती जाऊन रांगेच्या शेवटच्या टोकाला उभी राहिली, रोजच्यासारखी.

आणि पाठ धावायला लागला. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. शॉर्ट, शॉर्टर, शॉर्टेस्ट. वर्ग एकदम जागा झाला, हात सटासट वर. उत्तमराव सावरून बसले. "वा! दुसरं विशेषण घ्या, ह्याच मुलींवर!" भागीरथेनं स्ट्राँग घेतलं, मग वीक घेतलं. वीक, वीकर, वीकेस्ट. कुमुदला पुढे काढून मोर ब्यूटिफुल आणि मोस्ट ब्यूटिफुलही झालं, 'मोर टॉलर' काही तोंडून निघालं नाही, जीभ तेलावरून सरकावी तशी चालत होती. तिला थांबता आलं असतं. तिथं थांबली असती तरी पाठ पास झाला असता. पण सुटलेल्या माणसाला आपण सुटलो हे पटकन कळत नाही, तो पळतच राहतो. तिनं फळ्यावर लिहिलं, पुअर.

"हू इज द पुअरेस्ट गर्ल?"

वर्गातल्या सगळ्या हातांनी एकाच दिशेला दाखवलं. पंचफुलानं मान वर केली नाही. पण वाक्य तिनंच म्हटलं, स्पष्ट, एकही शब्द न चुकता.

"आय ॲम द पुअरेस्ट गर्ल इन द क्लास."

"उत्तम!" उत्तमरावांनी मांडीवर थाप मारली. "पुरं वाक्य बोलली पोरगी! बाई, याला म्हणतात पाठ."

पण परीक्षक जुना होता. नियमाप्रमाणे एक गोष्ट त्यांना विचारायचीच होती. ते उठून पुढे आले आणि पंचफुलासमोर वाकले. "बेटा, खरं सांग हं. काल ह्या बाई तुम्हाला भेटल्या होत्या ना? हा पाठ त्यांनी आधीच घोटून घेतला होता का?"

माणिकबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, कारण त्यांनाही सगळं ठाऊक होतं. भागीरथेला वाटलं, झालं. ही पोरगी आता सांगणार, आणि का सांगू नये तिनं? भागीरथेनं फळ्याला डावा हात टेकला. वाकड्या मनगटात कळ उठली.

पंचफुलानं आधी भागीरथेकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"बाई काल भेटल्या होत्या," ती मोठ्यानं म्हणाली. "बाई म्हने, मी तुले उद्या उभं करनार नाही. बाबासाहेबाची आन घेतली होती बाईनं. अन् आज उभं केलं."

उत्तमरावांनी भुवया उंचावल्या. मग त्यांचा सगळा चेहरा उजळला आणि ते मोकळेपणानं हसले.

"बघा माणिकबाई! म्हणजे ह्या मुलीला उभं करायचं आधी ठरलेलंच नव्हतं. काड्या चालेनात तेव्हा बाईंना आयत्या वेळी सुचलं! ह्याला म्हणतात प्रसंगावधान. मी समजत होतो की पढवलेला पाठ आहे." त्यांनी पंचफुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास, खरं बोललीस." मग भागीरथेकडे वळून, साऱ्यांसमोर निकाल सांगायच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे म्हणाले, "पास. आजच्या दिवसातला सर्वांत चांगला पाठ."

माणिकबाईंनी टाळ्या वाजवल्या म्हणून पोरींनीही वाजवल्या.

भागीरथा बाहेर आली तेव्हा बातमी फाटकाशी पोचली होती. श्रावण धावत आला आणि बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून भर रस्त्यात लहान पोरासारखा रडला. "सुटली माय तू, सुटली," एवढंच तो म्हणत राहिला. चंद्रभान पचकन थुंकला, टांग्यात एकटाच चढला, आणि टांगा बडनेऱ्याच्या रस्त्याला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत भागीरथा बघत राहिली. ज्या क्षणासाठी वर्षभर जीव टांगणीला लावला तो क्षण आला होता, आणि तिला तो नकोसा झाला होता.

कारण तिला आत्ता, फाटकाशी उभं राहिल्यावर सुचलं, की ती स्वतःच त्या रांगेत उभी राहू शकली असती. कुमुद तिच्या खांद्याला लागत होती. टॉलेस्ट बाईच झाली असती, कुमुद टॉलर, आणि बाकी कोणीही चाललं असतं. एवढी साधी गोष्ट. प्रसंगावधान म्हणे! घाबरलेल्या माणसाला आधी दुसऱ्याची मानच दिसते, स्वतःची नाही.

शाळा सुटली. पोरींचा लोंढा फाटकातून बाहेर पडला. शालू मागून ओरडली, "भागीरथे, थे लहानी पोरगी म्हने काय मस्त बोलली व! माह्या पोस्टमनमंदी बी तिलेच घेतो मी." भागीरथेनं मागे वळून पाहिलं नाही. तिची नजर लोंढ्यात पंचफुलाला शोधत होती. ती सगळ्यांत शेवटी आली, दप्तर छातीशी धरून. भागीरथेला पाहून पळाली नाही, उलट सरळ तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाई, मी थे तुमची चुगली केली होती," ती म्हणाली.

"मालूम हाये मले."

"तुमी नापास व्हाव्या म्हून सांगतलं मी. आन मोडली असं सांगतलं त साहेब तुमाले नापास करतीन असं वाटलं मले."

"मी आन मोडलीच, पंचफुला," भागीरथा म्हणाली. तिचा आवाज फाटला. "तू खरंच बोलली. तुह्यं बिलकुल बरोबर हाये. माह्यंच चुकलं."

पंचफुलाच्या कपाळावर आठी पडली. राग तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हता, ती काहीतरी समजून घ्यायला बघत होती, आणि ते तिला जमत नव्हतं.

"मंग थे हासले काहून?" तिनं विचारलं.

भागीरथेला उत्तर ठाऊक होतं. पंचफुलासारखीला दिलेली आन मोडली तर साहेबाच्या लेखी काहीच मोडलेलं नसतं, हे ती दाराबाहेरच्या पोत्यावर बसली तेव्हापासून जाणून होती. जूनपासून तिला रोज चाळीस लेकरांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची होती, त्याचाच पगार मिळणार होता.

उत्तर येत नाही असं पाहून पंचफुलानं दप्तर सावरलं आणि फ्रेजरपुऱ्याच्या रस्त्यानं घराकडे निघाली.